खाडीतला वळसा

हसीनाभाभींचा फोन आला तेव्हा मी नेमकी तळसुऱ्याच्या खाडीचं कौतुक लिहीत बसले होते. देशातल्या एकशे चार जलमार्गांपैकी यंदाचा सगळ्यात गुणी जलमार्ग कोणता, याची शिफारस दिल्लीला पाठवायची होती, आणि नदीमार्ग प्राधिकरणाच्या कोकण विभागातर्फे मी माझ्याच गावच्या खाडीचं नाव पुढं केलं होतं. आपलं ते सोनं, असं कुणी म्हणालं असतं तर मी आकडे दाखवले असते. आकडे खरोखरच चांगले होते.

“दीक्षिता, तुमची नदी आमच्या अंगावर आलीय,” भाभी म्हणाल्या. हसीना मुकादम म्हणजे खाडीपलीकडच्या करंजवड्याच्या सरपंच. “बांध पोटातून खचतोय. परवा दोन दगड गेले, आज सकाळी सात. कोजागरीच्या उधाणाला हा टिकायचा नाही.”

मी कॅलेंडर बघितलं. कोजागरीला सतरा दिवस होते.

करंजवड्याचा खारबांध मी लहानपणापासून बघत आलेय. खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून घातलेला दगडमातीचा बांध, पाऊण मैल लांब. त्याच्या आत साठ घरांची शेती आणि गोड्या पाण्याची एकुलती एक विहीर. असा बांध एकदा फुटला की जमीन मिठानं मरते आणि पुढची पाच-सात वर्षं तिथं धड गवतसुद्धा उगवत नाही. “बघते,” म्हणून मी फोन ठेवला आणि पडद्यावर खाडी उघडली. पडदा सांगत होता की सगळं आलबेल आहे.

आता हे सगळं कसं चालतं ते थोडक्यात सांगायला हवं. आमचं नदीमार्ग प्राधिकरण पूर्वी देशभर गाळ उपसायचं. उपसलेला गाळ दोन पावसाळ्यांत परत यायचा, मग पुन्हा उपसायचा. त्यानंतर पाती आल्या. पात म्हणजे कमरेएवढी उंच, दाराच्या फळीएवढी रुंद पोलादी फळी. ती तळात रोवलेल्या खांबावर उभी असते आणि हळूहळू फिरते. वाहत्या पाण्यात ती किंचित तिरकी धरली की तिच्यामागं पाण्याला पीळ पडतो, आणि तो पीळ तळाची वाळू एका बाजूला सरकवत नेतो. एका पातीनं काही होत नाही, पण तळसुऱ्याच्या खाडीत अशा नऊशे पाती आहेत. त्या सगळ्या मिळून नदीकडूनच नदीचं पात्र खोदून घेतात. उपसलेला गाळ कुठं टाकायचा हा प्रश्न उरत नाही, कारण जिथं मार्ग नको तिथं नदी तो आपणहून टाकते.

कुठली पात कधी आणि किती वळवायची हे ‘पात्रसारथी’ नावाची प्रणाली ठरवते. तिचे कान म्हणजे तळाशी टाकलेली काचतंतूंची केबल. वाळू घरंगळते तो आवाज, होडीची मोटर फिरते तो आवाज, सगळं तिला ऐकू येतं. खोली मोजायला ध्वनिलहरी सोडणारी यंत्रं वेगळी. पण पावसाळ्यात आणि नंतरही दोन-तीन महिने खाडीच्या तळावर पातळ चिखलाचा थर तरंगत असतो, आंबिलीसारखा. ध्वनी त्याच्यावरूनच मागं फिरतो. खाली दोन पुरुष पाणी आहे की दोन हात, ते यंत्राला कळत नाही.

त्यावर तोडगा मी काढला होता. जिथं यंत्राला शंका वाटेल तिथं त्यानं होडीवाल्यांच्या वाटा बघाव्यात. प्रत्येक होडीवर आता जागा सांगणारी डबी असतेच. जिथून भरलेली होडी रोज जाते तिथं पाणी आहे, आणि जिथून कुणीच जात नाही तिथं काहीतरी अडथळा आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचं शहाणपण फुकटात मिळत असताना ते का सोडा? ही युक्ती सुचली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर माझे बाबा होते. दत्ताराम वासावे, तळसुऱ्याच्या फेरीबोटीचे तांडेल, चाळीस वर्षं सुकाणू धरलेला माणूस. एकवीस जलमार्गांवर ती युक्ती लागू झाली आणि मला बढती मिळाली. घरी पेढे नेले तेव्हा बाबा म्हणाले होते, “म्हंजे तुझ्या सारथ्याला होडी हाकायला आमीच शिकवलं.”

त्या दिवशी मी तळसुऱ्याच्या होड्यांच्या दोन वर्षांच्या वाटा एकावर एक टाकून बघितल्या. लाखभर रेघा. दक्षिणेच्या आमच्या धक्क्यापासून सगळ्या सरळ निघत होत्या आणि खाडीच्या ऐन मध्यावर येऊन डावीकडं वळसा घालत होत्या, मोठा, धनुष्यासारखा. मग पुन्हा सरळ करंजवड्याला. मधली जागा कोरी होती. त्या कोऱ्या जागेत अडथळा आहे असं पात्रसारथीनं मानलं होतं आणि आपल्या परीनं शहाणपणाच केला होता: मुख्य प्रवाह तिथून हटवून उत्तरेला नेला होता. तो आता करंजवड्याच्या बांधाला घासत होता. आणि कोऱ्या जागेत दोन वर्षं गाळ बसत होता.

जुने नकाशे काढले. पाती बसण्याआधी त्या जागी चांगलं तीन पुरुष पाणी होतं. अडथळा असा नव्हताच.

मी त्याच वळशावरून शेकडो वेळा शाळेला गेले होते. बोट डावीकडं कलायची, दप्तर सरकायचं, आम्ही मुली हसायचो. खाडी अशीच ओलांडतात असं मला वाटायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हे. देशभरातल्या नद्यांची कारणं शोधणाऱ्या मला स्वतःच्या खाडीत एक साधा प्रश्न कधी पडला नव्हता.

“तुझ्याच युक्तीनं घात केला म्हणायचा,” आमचे उपसंचालक ढवळीकर साहेब म्हणाले.

“आपलेच दात आणि आपलेच ओठ, सर. पण पाती हातानं वळवायला परवानगी द्या. बाराच वळवायच्या आहेत.”

“ते होणे नाही.” ते होणार नाही हे मलाही ठाऊक होतं. कायदाच तसा आहे. माणसाच्या हातात कळ दिली की जो तो आपल्या धक्क्यासमोरचा गाळ शेजाऱ्याच्या दारात ढकलणार. पहिल्या वर्षी तीन राज्यांत तसं झालंही होतं. म्हणून पाती फक्त पुराव्यावर वळतात. एक तर यंत्राला खोली मोजता आली पाहिजे, जी दिवाळीपर्यंत मोजता येणार नव्हती, नाहीतर सलग बारा दिवस नेहमीच्या होड्या नेहमीच्या ओझ्यासह तिथून गेल्या पाहिजेत.

“डब्या गोळा कर आणि एका लाँचमधून फिरव,” साहेब हळूच म्हणाले, आणि मग स्वतःच हसले. केबल प्रत्येक मोटरचा आवाज ओळखते. तिला फसवता येऊ नये म्हणून सहा महिने खपलेल्यांत आम्ही दोघंही होतो.

सतरातले बारा वजा जाता पाच दिवस हातात होते. मी गावची गाडी धरली.

*

तळसुऱ्याच्या धक्क्यावर एकतीस होड्या लागतात. मी आधी इतर होडीवाल्यांना विचारलं, तुम्ही मधूनच का वळता? एकानं सांगितलं, खाली खडक आहे. दुसरा म्हणाला, इंग्रजांच्या काळातलं बुडालेलं गलबत आहे. तिसऱ्यानं आवाज खाली करून सांगितलं की ती जागेवाल्याची, तिथल्या राखणदाराची जागा आहे, तिथून जाणाऱ्याची मोटर बंद पडते. कुणी कधी जाऊन बघितलं होतं का? छे. “दत्ताराम तांडेल जातात तसं जायचं,” हे मात्र सगळ्यांचं एकच उत्तर होतं.

बाबा बोटीवर होते. अडुसष्ट वर्षांचे, पण परवाना दरवर्षी तपासणी करून मिळवतात. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं आणि दोर गुंडाळत राहिले.

“तिथनं नको,” ते म्हणाले.

“का पण? मी आत्ताच डिंगीतून जाऊन काठीनं मोजून आले. ओहोटीला साडेपाच फूट आहे. तुमच्या बोटीला तीन फूट पुरतं. अजून जाता येईल, पंधरा दिवसांनी नाही येणार.”

“नको म्हटलं ना बाय.”

“बाबा, करंजवडं बुडेल.”

“तुझं काम तू कर. दुसरा कायतरी मार्ग काढ. एवढी शिकलीस ती कशाला?”

बाबा माझ्याशी असं कधी बोलत नाहीत. मी चार वर्षांची असताना आई गेली. खाडीतच बुडाली, तिसऱ्या, म्हणजे वाळूतले शिंपले काढायला गेली होती. तेव्हापासून मला बाबांनी आणि त्यांच्या बहिणीनं, शेवंतीआतेनं, वाढवलं. आते मायाळू, पण जिभेला हाड नाही. मी ताटात दुसरा लाडू घेतला की म्हणायची, “आईवर गेलीय. मोठ्या तिसऱ्यांच्या लोभानं राहिली नि जिवानिशी गेली.” सगळं गावच तसं म्हणायचं. बाबांनी ठरवून दिलेल्या जागी ती थांबली नाही. दुसऱ्या टोकाला मोठ्या तिसऱ्या असतात म्हणून तिकडं गेली आणि भरतीत सापडली. तिची पाटी नंतर तिकडंच मिळाली होती, शिगोशीग भरलेली. मी ते ऐकत मोठी झाले. अजूनही कुठं जेवायला गेले की मी दुसऱ्यांदा वाढून घेत नाही. आईचा मला राग यायचा, आणि राग येतो म्हणून लाज वाटायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी, फेऱ्यांची गर्दी ओसरल्यावर, मी बाबांना म्हटलं, “निदान मला करंजवड्याला सोडा. आणि तुम्ही पण उतरा, बांध बघायला.”

बोट वळसा घालून गेली.

हसीनाभाभी बांधावर उभ्याच होत्या. त्यांनी आम्हांला एका खळग्यापाशी नेलं. वरून बांध धडधाकट दिसत होता. खाली, पाण्याच्या रेषेला, दगडांमागची माती निघून गेली होती. “तांडेल, हात घाला यात,” भाभी म्हणाल्या. बाबा वाकले आणि त्यांनी खांद्यापर्यंत हात आत घातला. मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं की हाताला पलीकडं काहीच लागलं नव्हतं.

“दिवसा आम्ही पोती भरून टाकतो, भरती येते नि घेऊन जाते,” भाभी म्हणाल्या. “विहिरीचं पाणी कालपासून मचूळ लागतंय. कुणाची चूक ते मी विचारत नाही. थांबणार कधी तेवढं सांगा.”

बाबांनी शर्टाची बाही पिळली आणि ते बोटीकडं चालू लागले.

परत येताना बोटीत आम्ही दोघंच होतो. मध्यावर, नेहमी वळतात त्याच्या जरा अलीकडं, बाबांनी मोटर बंद केली. ओहोटी सरून पाणी स्थिर झालं होतं. बोट जागच्या जागी डुलत राहिली.

“हितं वाळूचा दांडा होता,” ते म्हणाले. “ओहोटीला उघडा पडायचा. बायका तिसऱ्या काढायच्या. पुढं एका पुरात तो वाहून गेला, पण ही गोष्ट तेच्या सा वर्सं आधीची. तुझी आयशी हितं गेली.”

मला माहीत नव्हतं. खाडीत, एवढंच ठाऊक होतं. खाडी बारा मैल लांब आहे.

“शिमग्याचे दिवस. मुंबैचे पाव्हणे आलेले. बाकी बायका पालखीत होत्या, ही एकटीच म्हणाली, मी जाते, पाव्हण्यांना तिसऱ्यांचं सुकं करते. मला विचारलं, पाणी कदी फिरेल? मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. तृतीया. तिनाची पाऊणपट सव्वादोन. सव्वादोनाला भरती, त्यात सा मिळव, सव्वाआठाला ओहोटी सरणार. त्याच्या पुढं तासभर दांड्यावर पाणी चढत नाय. मी म्हटलं, सव्वानवाला आणायला येतो, ह्याच टोकाला उभी राहा.”

हा हिशेब आमच्याकडं पोरासोरांनाही येतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. भरती रोज साधारण पाऊण तास पुढं सरकते आणि तिथी रोज एकानं वाढते, म्हणून तो जुळतो.

“सव्वानवाला आलो. एक मिनिट उशीर नाय केला. दांडा नव्हता, नुसतं पाणी.” बाबांनी बोटीच्या कडेवरून हात फिरवला. “मग संध्याकाळी, सगळं आटपल्यावर, परत कॅलेंडर बघितलं. आदल्या दिवशी प्रतिपदा. आणि त्या दिवशी तृतीया. मधली द्वितीया नव्हतीच.”

क्षयतिथी. कधीकधी एखादी तिथी एका सूर्योदयानंतर सुरू होते आणि पुढच्या सूर्योदयाआधी संपून जाते. पंचांगात मग तिला दिवस मिळत नाही, आकडा एकदम दोन घरं पुढं उडी मारतो. पण चंद्र काही कॅलेंडर बघून चालत नाही. तो रोजच्या चालीनं चालतो आणि भरतीही रोजच्या पाऊण तासानंच सरकते. त्या दिवशी दोन तिथींचा हिशेब धरला म्हणजे पाऊण तास जास्त धरला.

“मी कुणाला नाय बोललो,” बाबा म्हणाले. “लोक म्हणाले, लोभ केला, जागा सोडून गेली. मीपण म्हटलं, तसंच असेल. हितं बोट आणायचं धैर्य झालं नाय म्हणून वळवायला लागलो. मागचे पण वळवायला लागले. कुणी विचारलं नाय, मी सांगितलं नाय.”

माझ्या यंत्रानं लाखभर रेघांवर विश्वास ठेवून एक खोटा अडथळा खरा केला होता. त्या रेघा एका माणसाच्या होत्या, आणि त्या माणसानं एकदा पाण्याकडं न बघता कॅलेंडरवर विश्वास ठेवला होता. दोघांची चूक एकाच जातीची होती. हे मला सुचलं आणि सुचल्याचा रागही आला, कारण समोर माझे बाबा होते.

“बाय, तुझ्या त्या सारथ्याला मागचं कळतं का?” त्यांनी विचारलं. “त्या दिवशी ओहोटी नक्की कदी सरली, सांगेल? तीस वर्सं झाली. मला नक्की कळलं पायजे. कदीकदी वाटतं, माझा हिशेब बरोबर असेल, तीच गेली असेल लांब. कदी वाटतं, नाय.”

“सांगेल,” मी म्हटलं.

*

भरती-ओहोटीचं गणित पुढं चालतं तसंच मागंही चालतं. चंद्र आणि सूर्य त्या क्षणी कुठं होते ते काढायचं, खाडीचा आकार घालायचा, झालं. मी तारीख घातली आणि उत्तर आलं: त्या सकाळी ओहोटी सात वाजून चौतीस मिनिटांनी सरली. बाबांच्या हिशेबापेक्षा एकेचाळीस मिनिटं आधी. ते सव्वानऊला पोचले तेव्हा पाणी चढायला लागून पावणेदोन तास होत आले होते, आणि ते उधाणाचं पाणी होतं.

मी तिथंच थांबले नाही. प्राधिकरणाच्या संग्रहात जुनी सर्वेक्षणं असतात. त्याच वर्षी जानेवारीत कुणीतरी तो वाळूचा दांडा मोजला होता, फूट-इंचांसह. बाबांनी ठरवून दिलेलं पश्चिमेचं टोक सखल होतं. पूर्वेचं टोक, जिथं आईची पाटी सापडली, ते दोन फुटांनी उंच होतं. सगळ्या दांड्यावर सगळ्यात उंच.

मी ओट्यावर येऊन बसले. आत आते भाकऱ्या थापत होती. बाबा धक्क्यावर होते आणि माझी वाट बघत असणार.

खोटं बोलणं सोपं होतं. ‘आठ वाजून दहा मिनिटं, बाबा, तुमचा हिशेब बरोबर होता.’ एवढं म्हटलं असतं तर म्हातारपणी त्यांना शांत झोप लागली असती. हलक्या मनानं ते कदाचित उद्याच बोट सरळ नेतील, करंजवडं वाचेल. खरं सांगितलं तर? ते पुन्हा सुकाणूला हात लावतील की नाही, याची खात्री नव्हती. साठ घरं एका पारड्यात होती. दुसऱ्या पारड्यात एक बाई, तीस वर्षांपूर्वी मेलेली. तिच्या बाजूनं बोलायला गावात कुणी नव्हतं, मीसुद्धा नव्हते.

मी धक्क्यावर गेले आणि सात चौतीस सांगितलं.

बाबांनी मान हलवली, जणू आकडा त्यांना आधीच माहीत होता. मी त्यांच्या शेजारी बसले आणि नकाशा दाखवला. हे तुमचं टोक, इथं नऊ वाजता छातीइतकं पाणी होतं. हे पूर्वेचं, इथं मांडीइतकं, पण उधाणाची ओढ पाय टिकू न देणारी.

“ती तिसऱ्यांसाठी नाही गेली तिकडं,” मी म्हटलं. “पाणी चढायला लागलं म्हणून उंचावर गेली. तिथनं तुम्हांला दिसली असती, तुम्ही वेळेत आला असतात तर.”

शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. पण बोलले, आणि मला ते बोलायचंच होतं.

धक्क्याला पाणी लागत होतं.

“म्हंजे ती उभी होती,” बाबा म्हणाले.

“हो.”

“माझी वाट बघत.”

“हो बाबा.”

ते उठले. बोटीचे दोन्ही दोर त्यांनी तपासले, एक सोडून पुन्हा नीट बांधला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “उद्या पयल्या फेरीला आतेला घेऊन ये. आणि होडीवाल्यांना सांग, माझ्या मागनं या.”

*

सकाळी बोटीत चाळीसेक माणसं होती. मासळीच्या पाट्या, दूधवाला, बँकेतल्या दोन मुली, पुढच्या बाकावर आते. “मला कशाला उठवलंन सकाळी सकाळी? पलीकडं माझं कोण हाय?” ती माझ्याशी कुरकुरत होती. मागं अकरा होड्या निघाल्या. सगळ्या आल्या नव्हत्या.

मध्य आला. ज्यांची रोजची सवय होती त्यांनी डावीकडं झुकून आपापल्या पाट्या धरल्या. बोट कलली नाही. लोक एकमेकांकडं बघायला लागले. बाबांनी मोटर मंद केली आणि सुकाणू न सोडता मोठ्यानं बोलले, पावसात हाक मारतात तेवढ्या मोठ्यानं, मागच्या होड्यांना ऐकू जावं म्हणून.

“हितं खडक नाय. जागेवाला नाय. हितं माझी बायको सुमती बुडाली. तिनं लोभ केला नाय. मी वेळ चुकीची सांगितली, म्हणून बुडाली. मी पाऊण तास चुकलो. ती माझी वाट बघत उभी होती.”

दूधवाल्यानं उगाच किटलीचं झाकण घट्ट केलं. मी पाण्याकडं बघत होते आणि मला रडू येत होतं. ते दुःखाचं होतं, आणि सुटल्याचंही होतं. आईचा राग धरायचं कारण आता उरलं नव्हतं, आणि तो इतकी वर्षं धरल्याबद्दल तिची माफी मागायला ती नव्हती.

मागच्या होड्यांतली पहिली, ज्याला खडकाची खात्री होती त्याची, क्षणभर रेंगाळली. मग ती सरळ आमच्या मागं आली. तिच्यामागं बाकीच्या.

आते उठली. चालत्या बोटीत तिला नीट उभं राहता येत नाही, तरी बाकांना धरत धरत ती सुकाणूपाशी गेली. तिचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता.

“दत्ताराम, तीस वर्सं मी तिला लोभी म्हटलं,” ती म्हणाली. “ह्या पोरीच्या तोंडावर म्हटलं.”

“मी म्हणू दिलं,” बाबा म्हणाले.

आतेनं त्यांच्या हातावर हात ठेवला. दोघांनी मिळून बोट करंजवड्याच्या धक्क्याला नेली. हसीनाभाभी दोर झेलायला पुढं आल्या होत्या. बाबांनी त्यांना सांगितलं, अजून अकरा दिवस.